पोरगा तयार आहे, कॅलेंडर तयार आहे का?

२०१५ सालचा मार्च महिना. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात बेसबॉलचे सराव सामने रंगात आलेत आणि शिकागो कब्स संघाचा एक तेवीस वर्षांचा उंचापुरा पोरगा समोरच्या पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची, झोप उडवतोय. नाव क्रिस ब्रायंट. फलंदाजीच्या ४० संधींत त्याने १७ वेळा फटका मारून सुखरूप बेस (धावेतला थांबा) गाठलाय आणि त्यातले नऊ चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडलेत. याला म्हणतात होम रन. त्या सराव हंगामात मेजर लीग या सर्वोच्च लीगमधल्या तीसपैकी कुठल्याही संघात इतके होम रन दुसऱ्या कुणाच्या नावावर नव्हते. आदल्या वर्षी खालच्या लीगमध्ये त्याने ४३ होम रन मारले होते, ते वेगळेच. आता तुम्हीच सांगा, या पोराला मुख्य संघात जागा द्यायची की नाही?

कब्सचं उत्तर होतं : नाही. निदान आत्ता तरी नाही. ३० मार्चला त्याची रवानगी आयोवातल्या दुय्यम संघात झाली. क्षेत्ररक्षण अजून कच्चं आहे, असं कारण सांगण्यात आलं. मग १७ एप्रिलला, हंगाम सुरू होऊन बारा दिवस उलटल्यावर, त्याला बोलावणं आलं.

अठरा दिवसांत क्षेत्ररक्षण पक्कं झालं? शंका घेणाऱ्यांनी कॅलेंडर काढलं. तुम्हीही काढा, कारण इथे एक गंमत दडलेली आहे. त्या वर्षीचा हंगाम ५ एप्रिल ते ४ ऑक्टोबर असा १८३ दिवसांचा. मेजर लीगच्या नियमानुसार त्यातले १७२ दिवस मुख्य संघात काढले की खेळाडूच्या खात्यात सेवेचं एक पूर्ण वर्ष जमा होतं. आता १७ एप्रिलपासून मोजा. एप्रिलचे १४, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३० आणि ऑक्टोबरचे ४. बेरीज? १७१!

एक दिवस कमी. फक्त एक. आणि त्या एका दिवसामुळे ब्रायंट कब्सच्या ताब्यात आणखी एक अख्खं वर्ष राहणार होता.

हा काय प्रकार आहे? एखादा होतकरू खेळाडू मोठ्या संघात जागा मिळण्याच्या लायकीचा आहे का, हा प्रश्न वरवर किती साधा वाटतो! चांगला खेळतो, तर घ्या. नाही खेळत, तर थांबा. पण बेसबॉलमध्ये हा प्रश्न सोलायला घेतला की आतून एकामागून एक तीन कोडी निघतात. एक नशिबाचं, एक डोळ्यांचं आणि एक कायद्याचं. तिन्ही एकाहून एक भन्नाट आहेत.

नशिबापासून सुरुवात करू. ४० संधींत १७ यशस्वी फटके, म्हणजे दर हजारी ४२५. बेसबॉलमध्ये हे .४२५ असं लिहितात. संपूर्ण हंगामात .३०० गाठणारा फलंदाज उत्तम समजला जातो. म्हणजे दहापैकी सात वेळा हात हलवत परत येणारा माणूस या खेळात नावाजला जातो! मग .४२५ म्हणजे तर कहरच की.

पण थांबा. पुढे त्याच वर्षी मेजर लीगमध्ये ब्रायंटची सरासरी किती निघाली? .२७५. आता समजा, एखाद्या फलंदाजाची खरी कुवत बरोबर .२७५ इतकीच आहे. त्याला ४० संधी दिल्या तर साधारण ११ फटके अपेक्षित. त्याच्या हातून निव्वळ योगायोगाने १७ किंवा जास्त फटके बसण्याची शक्यता किती? गणित मांडलं तर उत्तर येतं शंभरात तीनच्या आसपास. कमी वाटते ना? पण सराव हंगामात एकटा ब्रायंट थोडाच खेळत असतो. तीस संघ, प्रत्येकाच्या छावणीत डझनावारी फलंदाज. असे ३०० फलंदाज धरले, तर कुवतीत तिळमात्र फरक न पडता त्यातले नऊ जण दर मार्चमध्ये .४२५ ची दिवाळी साजरी करणार. आणि तितकेच गुणी असे दुसरे काही जण चाचपडत राहून घरी जाणार.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. भाताच्या बाबतीत ते चालतं, कारण पातेलं एकसारखं शिजतं. फलंदाजाची चाळीस शितं मात्र बिनदिक्कत खोटं बोलू शकतात. किती शितं लागतील? .२५० चा सामान्य फलंदाज आणि .३०० चा उत्तम फलंदाज यांच्यात ५०० संधींमागे फरक पडतो २५ फटक्यांचा. हंगाम सुमारे २६ आठवड्यांचा. म्हणजे सामान्य आणि उत्तम यांच्यातलं अंतर आठवड्याला जेमतेम एक फटका! रोज मैदानात बसून सामना पाहणाऱ्यालाही नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळणार नाही. लाखो डॉलरच्या करारांचा निकाल लावणारा हा फरक डोळ्यांना दिसतच नाही, ही केवढी विलक्षण गोष्ट आहे.

म्हणून संघ नुसत्या आकड्यांवर विसंबत नाहीत. ते माणसं पाठवतात. या माणसांना स्काउट म्हणतात. गावोगावच्या शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर ते कुंपणाला टेकून उभे असतात, हातात वेग मोजणारं यंत्र आणि वही. प्रत्येक पोराला पाच गोष्टींत गुण द्यायचे : फटका जुळवण्याचं कौशल्य, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक. गुणांची पट्टी २० ते ८० अशी. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, ८० म्हणजे पिढीत मोजके निघतात तसला. आणि खरी मजा पुढेच आहे. प्रत्येक रकान्यात आकडे दोन असतात, एक आजचा आणि एक उद्याचा. ‘ताकद ४०/६५’ असं लिहिलेलं कार्ड सांगतं की पोरगा आज साधारण आहे, पण अंगात भरला की पाहत राहाल. अठरा वर्षांच्या पोराच्या खांद्यांकडे, मनगटाकडे, बापाच्या उंचीकडे पाहून त्याचा पंचविसाव्या वर्षीचा खेळ कागदावर मांडायचा! ज्योतिषीसुद्धा इतका नेमका आकडा द्यायला कचरेल.

बरं, हे भाकीत किती खरं ठरतं? ब्रायंटचीच तुकडी घ्या. २०१३ साली देशभरातल्या होतकरू पोरांची वाटणी झाली. याला ड्राफ्ट म्हणतात. संघांनी आळीपाळीने एकेक नाव उचलायचं. पहिलं नाव उचललं गेलं मार्क अपेल या पिचरचं. दुसरं ब्रायंटचं. आणि न्यूयॉर्क यांकीजनी बत्तिसाव्या क्रमांकावर एक धिप्पाड पोरगा घेतला, त्याचं नाव एरन जज.

पहिल्या क्रमांकाचा अपेल दुखापतींनी आणि अपयशाने इतका पिचला की २०१८ मध्ये त्याने खेळच सोडला. मग तो परतला, आणि मेजर लीगच्या मैदानावर त्याने पहिलं पाऊल ठेवलं ते जून २०२२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, निवडीनंतर नऊ वर्षांनी. बत्तिसाव्या क्रमांकाच्या जजने त्याच वर्षी ६२ होम रन ठोकून अमेरिकन लीगचा विक्रम मोडला. यादी करणारे सगळे या धंद्यात मुरलेले होते. तरी पहिला आणि बत्तिसावा यांची अशी उलटापालट!

मेजर लीगपर्यंतची ही शिडी आहे तरी किती अरुंद? मेजर लीगमध्ये आज ३० संघ, प्रत्येकात २६ जणांची यादी. एकूण जागा ७८०. त्याखाली सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चार पायऱ्यांवर १२० संघ, आणि त्याहीखाली अगदी नवख्यांचे संघ. भारतातूनही दोघे या शिडीवर चढले होते. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल. २००८ साली भारतात झालेल्या चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरट्सनी त्यांना करारबद्ध केलं. बेसबॉल म्हणजे काय हे धड ठाऊक नसलेला रिंकू सिंगल-ए पर्यंत पोचला, हीच मोठी करामत. बास्केटबॉलचा सम्राट मायकल जॉर्डनसुद्धा १९९४ मध्ये डबल-एमध्ये वर्षभर खेळला, आणि सरासरी काढली .२०२.

जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाची ही गत का व्हावी? इथे दुसरं कोडं सुरू होतं. डोळ्यांचं.

पिचर ज्या पट्टीवरून चेंडू टाकतो ती फलंदाजाजवळच्या होम प्लेटपासून १८.४४ मीटरवर असते. टाकताना तो पुढे झेपावतो, तेव्हा चेंडू हातातून सुटतो तो जवळपास पावणेसतरा मीटरवरून. मेजर लीगमधला वेगवान चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या वर सहज जातो. म्हणजे फलंदाजापर्यंत पोचायला लागतात सुमारे ०.४ सेकंद. टप्पा नाही, खेळपट्टीचा अंदाज नाही. थेट हवेतून येणारा चेंडू.

आता या ०.४ सेकंदाची वाटणी बघा. बॅट फिरवायलाच सुमारे ०.१५ सेकंद लागतो. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत पोचून उमगायला साधारण ०.१ सेकंद. उरला किती? ०.१५ सेकंद. एवढ्या वेळात फलंदाजाने चेंडूच्या लाल टाक्यांची गिरकी पाहून ठरवायचं की हा सरळ येणार, शेवटी खाली बुडणार की बाहेर पळणार. आणि मुळात याला हात लावायचा की सोडून द्यायचा.

याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. शेवटच्या दीड-दोन मीटरमध्ये चेंडू इतक्या झपाट्याने समोरून जातो की माणसाचा डोळा त्याच्यामागे फिरूच शकत नाही. म्हणजे बॅटला चेंडू लागतो त्या क्षणी फलंदाज त्याला पाहत नसतो! चेंडू कुठे असेल याचा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो आणि बॅट त्या अंदाजाच्या दिशेने निघालेली असते. बॅट गोल, जास्तीत जास्त साडेसहा-सात सेंटिमीटर जाडीची, चेंडूही गोल. काही मिलिसेकंदांची चूक झाली की फटका बाजूच्या रेषेबाहेर, वाया. काही मिलिमीटरची चूक झाली की चेंडू आभाळात नाही तर पायाशी.

मग लायकी कशाची तपासायची? दंडाच्या बेडक्यांची नव्हे, तर भविष्य वर्तवणाऱ्या मेंदूची. आणि हा मेंदू शिकतो फक्त पाहून. हजारो चेंडू पाहून त्याच्याकडे गिरक्यांचा साठा तयार होतो. जॉर्डनकडे जगातलं सगळं होतं, हा साठा तेवढा नव्हता.

यातून एक पेच उभा राहतो. ट्रिपल-ए मधल्या पिचरांचा वेग मेजर लीगच्या फारसा मागे नसतो. फरक असतो फसवण्यात. वरचा पिचर सरळ चेंडू आणि बुडणारा चेंडू एकाच हालचालीने, एकाच वाटेने सोडतो. दोन्ही जवळपास निम्म्या अंतरापर्यंत हुबेहूब सारखे दिसतात. तोवर फलंदाजाचा निर्णय झालेला असतो. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला जॅक्सन हॉलिडे सगळ्या याद्यांमध्ये अग्रभागी होता. ट्रिपल-ए मध्ये तो पिचरांना पुरून उरत होता. एप्रिल २०२४ मध्ये बाल्टिमोरने त्याला वर बोलावलं. पहिल्या दहा सामन्यांत ३४ संधी, दोन फटके, आणि १८ वेळा तो तीन स्ट्राइकवर, म्हणजे फटका न लागताच, बाद! त्याला परत खाली धाडलं. जुलैअखेर तो पुन्हा वर आला आणि आल्याआल्या तिन्ही बेस भरलेले असताना त्याने होम रन मारला.

मग एप्रिलमध्ये तो नालायक होता आणि जुलैत लायक झाला? की एप्रिलची ती ३४ संधींची परीक्षाच नशिबाच्या फेऱ्यात सापडलेली होती? आणि मेजर लीगचे चेंडू ओळखायला शिकायचं तर ते मेजर लीगखेरीज शिकणार तरी कुठे? तयार झाल्याशिवाय वर घ्यायचं नाही आणि वर घेतल्याशिवाय तो तयार होत नाही, अशी ही गाठ.

एरन जजला २०१६ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा वर घेतलं तेव्हा त्याने पहिल्याच संधीत होम रन मारला. मग? ८४ संधींत ४२ वेळा स्ट्राइकवर बाद, सरासरी .१७९. हा आकडा त्याने आपल्या फोनमधल्या नोंदींत लिहून ठेवला. पुढच्या वर्षी ५२ होम रन, आणि सर्वोत्तम नवोदिताचा किताब एकमताने. त्या ८४ संधींवरून यांकीजनी त्याला निकालात काढलं असतं, तर आकडे त्यांच्या बाजूने उभे राहिले असते. आणि ते साफ चुकले असते.

आता तिसरं कोडं. कायद्याचं. १७२ दिवस मोजायची वेळ मुळात आली कुठून?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण पूर्वी खेळाडू संघाचा आजन्म बांधील असे. करारातच अशी मेख होती की मुदत संपली तरी संघ त्याला परस्पर आपल्याकडे राखून ठेवू शके. संघ विकेल, बदलेल किंवा सोडेल तेव्हाच त्याची सुटका. डिसेंबर १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या तक्रारीवर पीटर साइट्झ या लवादाने निकाल दिला : एक वर्ष कराराविना खेळलेला खेळाडू मोकळा. मालक इतके खवळले की निकाल हातात पडल्याबरोबर त्यांनी साइट्झला नारळ दिला!

पण निकाल राहिला. मग मालक आणि खेळाडूंची संघटना वाटाघाटीला बसले. तुम्हाला वाटेल, संघटनेने सगळ्यांना दरवर्षी मोकळीक मागितली असेल. अजिबात नाही. संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर पोलाद कामगारांच्या संघटनेत मुरलेले अर्थतज्ज्ञ. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता : दरवर्षी सगळेच खेळाडू बाजारात आले तर भाव कोसळतील. थोडेच आले तर मालक त्यांच्यासाठी एकमेकांवर तुटून पडतील. ओकलंड संघाचा तऱ्हेवाईक मालक चार्ली फिनली सांगत होता की सगळ्यांनाच मोकळं करून टाका. मिलरना धास्ती होती ती हीच, की बाकीचे मालक फिनलीचं ऐकतील. ते ऐकले नाहीत. सहा वर्षांची सेवा झाली की मोकळीक, असं १९७६ मध्ये ठरलं. बंधन हवं म्हणून मालक खूश आणि टंचाई हवी म्हणून संघटनाही खूश.

या सहा वर्षांत पगार कसा चढतो तेही पाहण्यासारखं आहे. पहिली सुमारे तीन वर्षं संघ देईल ते घ्यायचं. २०१५ मध्ये किमान वार्षिक वेतन होतं ५ लाख ७ हजार ५०० डॉलर. त्यानंतर लवादाकडे जायचा हक्क मिळतो, आणि सहा वर्षं भरली की खुला बाजार. ब्रायंटला २०१७ मध्ये मिळाले १० लाख ५० हजार डॉलर. पुढच्या वर्षी लवादाचा हक्क लागू झाला आणि पगार झाला १ कोटी ८ लाख ५० हजार. तोच माणूस, तीच बॅट, दहापट दाम! मध्ये बदललं होतं फक्त सेवापुस्तक.

आता २०१५ च्या एप्रिलकडे मालकाच्या नजरेने बघा. पोराला पहिल्या दिवसापासून खेळवलं, तर तो २०२० नंतर मोकळा. बारा दिवस थांबलं, तर २०२१ नंतर. बारा दिवसांत सामने किती बुडतात? ब्रायंटचे बुडाले आठ. तेवीस वर्षांच्या शिकाऊ पोराचे आठ सामने देऊन एकोणतीस वर्षांच्या कसलेल्या खेळाडूचं अख्खं वर्ष मिळत असेल, तर कुठला हिशेबी माणूस हा सौदा सोडेल?

खेळाडूंच्या संघटनेने तक्रार दाखल केली. निकाल यायला २०२० उजाडलं. संघाने अप्रामाणिक हेतूने हे केलं असं सिद्ध झालं नाही, असं लवादाने ठरवलं. ते स्वाभाविकच होतं म्हणा. क्षेत्ररक्षण आणखी घोटवायला हवं होतं, हे कुठल्याही तेवीस वर्षांच्या खेळाडूबद्दल खरंच असतं. कब्सचा तिसऱ्या बेसवरचा माणूस त्याच आठवड्यात जखमी झाला, म्हणून ब्रायंटला बोलावलं, हेही खरंच होतं. प्रत्येक कारण खरं. बेरीज मात्र १७१.

आणि ब्रायंटचं काय झालं? पहिल्या सामन्यात पहिल्या तिन्ही संधींत तो स्ट्राइकवर बाद झाला. वर्षअखेर तोच सर्वोत्तम नवोदित. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, ३९ होम रन आणि लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा सातवा सामना क्लीव्हलंडमध्ये दहाव्या डावापर्यंत ताणला गेला. कब्स ८-७ ने पुढे. शेवटचा चेंडू जमिनीवरून सरपटत आला तो तिसऱ्या बेसकडे, ब्रायंटच्या हातात. ओल्या गवतावर त्याचा पाय घसरतोय, तोंडावर हसू आवरत नाहीये, आणि तशातच त्याने चेंडू पहिल्या बेसवर फेकला. बाद! १०८ वर्षांनी कब्स विजेते. क्षेत्ररक्षण कच्चं म्हणून ज्याला आयोवाला धाडलं, त्यानेच शतकभराची प्रतीक्षा संपवणारी फेक केली.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. ब्रायंट एक वर्ष आधी, म्हणजे २०२० नंतर मोकळा झाला असता तर? २०२० चा करोनाग्रस्त छोटा हंगाम त्याला फार वाईट गेला. सरासरी .२०६. बाजारही तेव्हा गारठलेला होता. २०२१ मध्ये त्याची बॅट पुन्हा बोलली, आणि मार्च २०२२ मध्ये कोलोरॅडो रॉकीजनी त्याला सात वर्षांसाठी १८ कोटी २० लाख डॉलर दिले. त्यानंतर दुखापतींनी तो बहुतांश काळ बाहेरच बसला. हिरावलेला तो दिवस ब्रायंटच्या पथ्यावर पडला की काय? इतक्या चोख हिशेबाचा शेवट कुणाच्या बाजूने लागला हे सांगणंच अवघड.

ही चलाखी बरेच संघ करत होते, पण उघड बोलत कुणी नव्हतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिॲटल मरिनर्सच्या अध्यक्षांनी एका रोटरी क्लबच्या ऑनलाइन सभेत तरुण खेळाडूंना खाली रोखून धरण्याबद्दल मोकळेपणी सांगून टाकलं. चित्रफीत बाहेर आली आणि त्यांना पद सोडावं लागलं. पुढच्या वर्षी मालक आणि संघटना यांच्यातल्या करारात नियम बदलले. नामांकित यादीतल्या पोराला संघाने सुरुवातीपासून वर्षभर खेळवलं आणि तो सर्वोत्तम नवोदित ठरला, तर संघाला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड बक्षीस. आणि संघाने त्याला उशिरा आणलं, तरी नवोदितांच्या मतदानात तो पहिल्या दोघांत आला तर पूर्ण वर्ष त्याच्या खात्यात.

सिॲटलनेच २०२२ मध्ये हुलिओ रॉड्रिगेसला पहिल्या दिवसापासून मैदानात उतरवलं. तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि संघाने जादा निवड खिशात घातली! उलट पिट्सबर्गने २०२४ मध्ये पॉल स्कीन्स या पिचरला ११ मे पर्यंत खाली ठेवलं. तोही सर्वोत्तम नवोदित ठरला. वर्ष त्याला मिळालंच आणि संघाचं बक्षीस मात्र हुकलं. पोरं जशी गुणी होती तशीच आहेत. नियमाच्या एका कलमाने त्यांची ‘तयारी’ एकाएकी लवकर होऊ लागली.

मग हा दिवसांचा हिशेब अजिबातच नसता, तर संघांनी लायकी कशी ठरवली असती? त्याचा प्रयोगही होऊन गेलाय. मिलवॉकी ब्रूअर्सनी डिसेंबर २०२३ मध्ये व्हेनेझुएलाच्या १९ वर्षांच्या जॅक्सन चोरिओशी आठ वर्षांचा, ८ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. मेजर लीगचा एकही चेंडू त्याने तोवर पाहिला नव्हता! हा जुगार अंगाशी येऊ शकतो. सिॲटलने एव्हन व्हाइटशी २०१९ मध्ये असाच करार केला. पहिल्या हंगामात त्याची सरासरी .१७६ निघाली आणि तो कधी स्थिरावलाच नाही. पण चोरिओच्या बाबतीत आठ वर्षांचा निकाल आधीच लागल्याने त्याला खाली रोखून धरण्यात मिलवॉकीचा काहीच फायदा उरला नव्हता. पहिल्या दिवसापासून तो संघात होता. पहिले दोन महिने तो चाचपडला, बुडणाऱ्या चेंडूंमागे बॅट फिरवत राहिला. त्याला कुणी खाली धाडलं नाही. वर्षअखेर सरासरी .२७५, २१ होम रन आणि २२ चोरलेले बेस. एकाच हंगामात दोन्ही गोष्टींत विशी गाठणारा तो मेजर लीगच्या इतिहासातला सर्वात तरुण खेळाडू ठरला.

म्हणून मला विचाराल, तर होतकरू पोराच्या लायकीचा सराव सामन्यांतला पुरावा जवळपास निरुपयोगी, ट्रिपल-एमधला अर्धामुर्धा, आणि मेजर लीगमधल्या पहिल्या चाळीस संधींचा पुन्हा निरुपयोगी. चेंडू ओळखणारा मेंदू दिसला की पोराला वर घ्यावं आणि तीन-चारशे संधी होईपर्यंत त्याच्या सरासरीकडे पाहूच नये. हे संघांना कळत नाही असं नाही. ते तसं वागतात की नाही, हे बॅटवर कमी आणि कराराच्या कलमांवर जास्त अवलंबून असतं. चोरिओला ते दोन महिने मिळाले कारण त्याचे दिवस कुणी मोजत नव्हतं.